मंडईतलं मरण

(गोंडपिपरी तालुक्यातलं एक गाव, दिवाळीनंतरची दुपार. गावची मंडई, म्हणजे रात्रभर नाटक चालणारी जत्रा, जवळ आली आहे. अंगणात सुगंधाबाई वालाच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. समोरच्या बाजेवर त्यांचा धाकटा दीर धनराज, शाळामास्तर आणि कादंबरीकार. त्याच्या कादंबरीवर नाटक बसवणारा वडशाचा प्रफुल शेजारी खुर्चीवर.)

सुगंधाबाई : नाई, नाई, नाई. एकदा नाई म्हटलं ना? मंडईच्या दिवशी, माया गावात, माया पाव्हन्यायसमोर मी मरनार नाई.

धनराज : वयनी, तुमी कुठी मरून राह्यल्या? गिरजी मरते. नाटकातली.

सुगंधाबाई : गिरजी म्हणजे कोन मंग? गिरजीच्या उजव्या पायाले सहा बोटं हायेत. नवऱ्याले ते "ओ बिनकामाचे" म्हणून आवाज देते. नवऱ्याले असा आवाज कोन देते या गावात? तुही सत्यशीला देते का तुले?

धनराज : मनात देत असन. हे पाहा वयनी, साहित्यात पात्र असं थेट कोणावरून उचललेलं नसतं. अनेक माणसांचं ते मिश्रण असतं. लेखकाच्या अनुभवविश्वातून ते...

सुगंधाबाई : हे पुण्याचं बोलणं पुण्यात बोल. इथी मले सांग, सहा बोटायची दुसरी बाई हाय का तालुक्यात?

प्रफुल : काकू, टेन्शन नोका घेऊ. सहा बोटं आमी स्टेजवर दाखवूनच नाई राह्यलो. मागं बसलेल्या पब्लिकले दिसत नाई ना.

सुगंधाबाई : तुले च्या देल्ला ना? तो पे. तुले मंग विचारतो.

प्रफुल : पेतो.

सुगंधाबाई : धनराज, तुले काय होते रे? मरतो मी, आन टाळ्या घेतो तू. मुंबईले जाऊन शाल घेतली, नारळ घेतलं, फोटो काहाडले. इथी मले काय भोगा लागते, विचारलं कधी? मांगं ते नागपूरच्या कॉलेजातल्या पोट्ट्या आल्या. मी दारात सडा टाकून राह्यली होती. मले म्हणते, आजी, गिरजीचं घर कोणतं? म्हटलं हेच बापा, मीच गिरजी. तं एकमेकीकडे पाह्यते आन मले समजावून सांगते, नाही आजी, ती तर मेली.

प्रफुल : अरे वा! हा सीन टाकू का नाटकात?

सुगंधाबाई : टाक. पुढचा बी टाक. मंग त्या माया मोहाच्या झाडाखाली गेल्या, पुस्तकात गिरजीले वाघ नेते ना, तिथी. फुलं वाह्यले, अगरबत्ती लावली, त्यायच्या म्याडमनं भाषण देल्लं. एक पोट्टी तं हमसून हमसून रडली, तिले पाणी मीच नेऊन देल्लं. तवापासून गावातल्या बाया काय करून राह्यल्या मालूम हाय? जाता-येता त्या झाडाजवळ एक एक डहाळी टाकते. खरंच वाघानं माणूस नेला त्या जाग्यावर टाकते ना, तशी. ढीग वाढूनच राह्यला! उन्हाळ्यात मी मोहफुलं वेचाले गेली का माह्याच मरणाच्या जाग्यावर टोपली घेऊन बसू?

धनराज : आता बायायनं डहाळ्या टाकल्या त्यात माहा काय दोष?

सुगंधाबाई : दोष नाई? पयले तीन पुस्तकं लिहिले तवा कसं चांगलं होतं. कोनी वाचले नाई, कोनाले तरास नाई. गठ्ठेच्या गठ्ठे माळ्यावर पडले होते. मी त्याच्यावर लसूण वाळवला.

धनराज : मालूम हाय. आतापर्यंत वास येते त्या पुस्तकायले. एका समीक्षकाले पाठवलं तं त्यानं लिहिलं, आपल्या लेखनाला मातीचा गंध आहे.

प्रफुल : सर, खरंच?

धनराज : खरंच. वीस वर्षं झाले लिहून राह्यलो रे. शाळा करून, इलेक्शनच्या ड्युट्या करून, शिरगणतीचे घरं मोजून लिहितो. आन कुठं बोलावलं तं पयला सवाल वाघाचा, दुसरा सवाल नक्षलवाद्यायचा. मी म्हणतो, आमच्याकडे धान पिकते, लग्न होते, लोक जेवणात वांगं कमी पडलं म्हणून तीन पिढ्या बोलत नाई. ते म्हणते, छान, छान, पण वाघ कधी पाहिलात?

सुगंधाबाई : मंग तू त्यायले वाघ देल्ला, आन वाघाले मले देल्लं.

धनराज : त्यायच्यासाठी नाई देल्लं!

सुगंधाबाई : मंग कोनासाठी?

धनराज : ते राहू द्या.

सुगंधाबाई : काऊन राहू देऊ? पूर्ण पुस्तकभर ते बाई कामं करते. रोवणी करते, मोह वेचते, दिराले शिकवते, सरपंचाले शिव्या देते. शिव्या बी माह्याच हायेत, एकही बदलवली नाई. बरं वाटलं मले, खोटं कायले बोलू? मयुरी वाचून दाखवे आन मी ऐको. पोरगी शेवटच्या पानावर आली आन चूप झाली. म्हटलं वाच ना वो. म्हणते आई, झोप आता. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं येऊन सांगितलं, तुले तं वाघानं खाल्लं म्हणे. असं मालूम पडलं मले मायं मरण.

प्रफुल : सर, मी बोलू का? माहा च्या झाला.

धनराज : बोल.

प्रफुल : मी काकूच्या साईडनं हाओ. कसं हाय, आपलं नाटक रातभर चालते. दहाले घंटी, मंग गणपती, मंग कॉमेडी, मंग स्टोरी. पहाटे पाचले तुमची गिरजी मरते. आता पाचले मेलेली बाई पाहून पब्लिक थंडीत घरी कसं जाईन? बुकिंगवालेच विचारते, भाऊ, शेवटी कोनी मरते का? म्हणून मी एक दुसरा एंड सोचला. वाघ झडप घालते. लाईट बंद. धाडकन आवाज. लाईट चालू! तं गिरजी विळा घेऊन उभी, आन वाघ शेपूट घालून पळून राह्यला. वरतून गाणं.

धनराज : गाणं.

प्रफुल : डान्स नाई सर, नुसतं गाणं. तुमची इज्जत राखून.

सुगंधाबाई : हे कसं ब्येस हाय! पाह्य, परक्याचा पोरगा हाय, पण त्याले समजलं.

धनराज : वाघ विळ्याले भेते का प्रफुल? तू वडशाचा हाय का दादरचा?

प्रफुल : आमचा वाघ भेते सर. त्याच्यात आमचा पांडू राह्यते, तो तं कुत्र्याले बी भेते.

धनराज : चेष्टा नोको करू. शेवट बदलनार नाई. करारात लिहिलं हाय.

प्रफुल : बरं, मंग असं करू. बाकी गावायमधी मारू, आन इथी, काकूच्या गावात, जगवू. कोनाले सांगाचं नाई.

सुगंधाबाई : चालन. मले मंजूर हाय. चंद्रपुरात मरन, मूल तालुक्यात मरन, पार सिरोंच्यापर्यंत मरत जाईन. फक्त इथी नोको. माहेरचे येतीन, मयुरीच्या सासरचे पयल्यांदा मंडईले येऊन राह्यले. त्यायच्यासमोर मले वाघाच्या तोंडात नोको देऊ. झालं? मिटलं.

धनराज : नाई मिटलं. इथी बी मरन. एकाही गावात जगनार नाई ते.

सुगंधाबाई : अरे पण काऊन?

धनराज : कादंबरीची ती गरज आहे.

सुगंधाबाई : कादंबरीची गरज! कादंबरीनं तुले जेवण वाढलं का?

धनराज : वयनी, शोकांतिकेत...

सुगंधाबाई : शोकांतिका गेली चुलीत! तू माया डोळ्यात पाहून सांग. तुही माय गेली तवा तुले धड चड्डी घालता येत नव्हती. मी सोळाची होती, हळदीच्या अंगानं आली, आन पयल्याच दिवशी तू माया पदराले धरून बसला. लोक हासे. म्हणे, नवरीनं आंदणात पोट्टा आणला का? तुले पाठीवर बांधून रोवणीले गेली मी. चिखलात पाय, पाठीवर तू, आन तू माह्या अंबाड्याचे केस उपटे. येवढं केलं. आन तू मले मारलं. बरं मारलं तं मारलं, मी काही म्हटलं नाई दोन वर्षं. आता एका दिवसाचं जगणं मांगून राह्यली तं ते बी देऊन नाई राह्यला. येवढा काय राग हाय रे मायावर?

प्रफुल : सर, एका दिवसाचं तं हाय.

धनराज : तू चूप रे! तुले काय समजते? राग! राग म्हणते! वयनी, तुमची तपासणी कधी हाय?

सुगंधाबाई : गोष्ट नोको बदलवू.

धनराज : कधी हाय सांगा.

सुगंधाबाई : मंडई झाली का लगेच. नागपूरले. तुले मालूम तं हाय, तूच नेतो.

प्रफुल : कायची तपासणी, काकू?

सुगंधाबाई : काही नाई रे. पोटात गाठ निंगाली होती. काहाडली. आता पाहाले बोलावते मधून मधून.

धनराज : काही नाई! नागपूरच्या त्या दवाखान्याच्या पायरीवर मी आन दादा बसलो होतो, डॉक्टर म्हणे गाठ तपासाले पाठवली, रिपोर्टले वेळ लागन, तयारीनं राहा. तयारीनं राहा म्हणे! आन हे म्हणते काही नाई. वयनी, दादाच्या डोक्शावर कावळा बसला होता ते आठवते का?

सुगंधाबाई : आता कावळा कुठून आला मधात?

धनराज : आठवते का?

सुगंधाबाई : आठवत नाई? तू सातवीत होता. खळ्यावर उभे होते तुये दादा. कावळा आला आन डोक्शावर बसला, उठेच ना. सासूबाई असत्या तं त्यायनं पाह्यलं असतं, पण घरात मोठी बाई मीच. मंग मी आपल्या गड्याले, सोमाजीले, सायकल देऊन माया माहेरी धाडलं. म्हटलं, मायले सांग जावई गेले.

प्रफुल : गेले म्हणजे?

सुगंधाबाई : मेले म्हणून. तुमच्या वडशाकडे नाई करत का? कावळा शिवला का आपल्या माणसाले खोटी खबर धाडाची. तो खरं समजून रडला का मरणाचं रडणं होऊन जाते. मंग मरण वापस जाते, त्याचं काम झालं ना! माही माय पूर्ण वाटेनं ऊर बडवत आली. अंगणात येऊन पाह्यते तं जावई आंबील पेऊन राह्यला. मायनं सोमाजीले झाडूनं मारलं.

धनराज : आन दादा?

सुगंधाबाई : दादाले काय झालं? तिकडे खळ्यावर धान चुरून राह्यले.

धनराज : तेच म्हणतो मी.

सुगंधाबाई : तेच म्हणजे काय?

धनराज : आता सगळं फोडूनच सांगू का? पयले गिरजी मरनार नव्हती. शेवटच्या पानावर ते टोपली घेऊन घरी येनार होती, दारातूनच नवऱ्यावर ओरडत. तेवढंच लिहाचं राह्यलं होतं. तेवढ्यात तुमची गाठ निंगाली. रिपोर्टची वाट पाहत होतो, झोप लागेना. एक दिवस बसलो आन मारून टाकलं तिले. वाघ पाठवला. आन रिपोर्ट चांगला आला.

प्रफुल : बापरे.

सुगंधाबाई : धनराज. तू?

धनराज : हो, मी.

सुगंधाबाई : अरे तू गावोगाव भाषणं देत फिरतो, अंधश्रद्धा सोडा म्हणून! तुया दुसऱ्या पुस्तकात तं या कावळ्यावरच हासला तू, दोन पानं. मयुरीनं वाचून दाखवलं होतं. मले किती राग आला होता तवा.

धनराज : मालूम हाय मले हे थोतांड हाय! शाळेत पोरायले मीच शिकवतो. कावळ्याले काय समजते, वाघाले काय समजते, रिपोर्ट तं प्रयोगशाळेत बनते. सगळं समजते. पण लोक ते पान वाचून रडले, आन तुमी चांगल्या झाल्या. आता हा येते आन म्हणते गिरजी वाघाले पळवते, वरतून गाणं. आन तुमची तपासणी मंडईच्या दुसऱ्याच दिवशी! कसं हो म्हणू मी? तुमीच सांगा. माह्यानं नाई होत.

प्रफुल : सर, मले पयलेच सांगितलं असतं ना. आपला चाळीसच्या वर गावायचा सीझन हाय. एकेका गावात हजार-दोन हजार पब्लिक. ते पोरगी गिरजी करते ना, पुनम, ते अशी मरते का मिशीवाले बाप्पे लोक बी डोळे पुसते. काकू, तुमचं आयुष्य तं शंभराच्या पार जाते.

सुगंधाबाई : काही नाई जात. तुमी दोघंही येडे हा.

धनराज : काऊन?

सुगंधाबाई : विचाराचं ना आधी! शिकला सवरला, तं वाटलं सगळं मालूम हाय. परक्याच्या रडण्यानं काय होते रे? परके तं पिक्चर पाहून बी रडते. खबर आपल्या माणसालेच धाडाची राह्यते. म्हणून सोमाजीले मायकडे धाडलं ना, गावात दवंडी नाई देल्ली. आपल्यातल्यानं रडाचं, आन खरं समजून रडाचं. त्या नागपूरच्या पोट्ट्या, त्या मुंबईचे शालवाले, हे चाळीस गावं, कोनाचंच रडणं मले लागू होत नाई.

धनराज : मी रडलो ना.

सुगंधाबाई : कवा?

धनराज : ते पान लिहिलं तवा. सत्यशीलाले विचारा. ते उठून आली, तिले वाटलं पोटात दुखून राह्यलं.

सुगंधाबाई : तुयं कसं चालन? खोटी खबर लिहिणारा तूच. सोमाजी रडला असता तं चाललं असतं का? तुले तं मालूम होतं मी जिवंत हाओ म्हणून.

धनराज : कुठी मालूम होतं, वयनी? रिपोर्ट तं आलाच नव्हता.

प्रफुल : काकू. काकू, शेंगा सांडल्या.

सुगंधाबाई : सांडू दे.

प्रफुल : मी येचतो.

सुगंधाबाई : राहू दे म्हटलं ना. गाडव्या, येवढं मनात ठेवून दोन वर्षं मायासमोर बसून जेवला तू. भाजीत मीठ कमी हाय म्हणून भांडला. हे नाई सांगितलं.

धनराज : काय सांगनार होतो? हासल्या असत्या तुमी.

सुगंधाबाई : हासली असती. मंग रडली बी असती. प्रफुल, तो गाण्यावाला शेवट ठेवून दे तुयाजवळ.

प्रफुल : म्हणजे मारू?

सुगंधाबाई : मार.

प्रफुल : इथी बी?

सुगंधाबाई : इथीच मार. चांगली मार. ते पोरगी कोन म्हणली तू, पुनम? तिले इकडे आणजो मायाकडे. मी टोपली कशी उचलतो, चालतो कशी, तिले दाखवून देतो. आन पाचपर्यंत नोको लांबवू. ते कॉमेडी कमी कर. तवापर्यंत याचा दादा बसल्या जागी घोरत राहीन.

धनराज : दादा? दादा येनार हाय नाटकाले? त्यायनं तं पुस्तकाले हात नाई लावला. नाव काढलं का उठून जाते.

सुगंधाबाई : येनार नाई तं काय करन? मंडईले घरी बसला तं लोक विचारतीन. आन न येऊन कसं चालन? तोच तं एक राह्यला रडाचा. ऑपरेशनच्या दिवशी रडला नाई. रिपोर्ट आला तवा म्हणे, चला, धानाले पाणी सोडाचं हाय. माय गेली तवा बी नाई रडला म्हणते तो. तू त्याच्याजवळ बसजो. रडला तं पाहू नोको त्याच्याकडे, लाजते तो.

धनराज : बसतो. पण पयल्या ओळीत तुमच्या दोघायच्या खुर्च्या जवळ जवळ लावल्या हायेत, वयनी. सरपंचानंच सांगितलं.

सुगंधाबाई : मायी काहाडून घे. मी मांगं बायायमधी बसन, शाल वढून. मी दिसली तं त्याले रडू येनार नाई.